निवेदन आधी, चित्र नंतर

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थी आपल्या चित्राशेजारी निवेदन लावतात, ही प्रथा सर्वस्वी स्वागतार्ह आहे. जलरंग ओघळला, तर तो ‘नियंत्रणाचा त्याग’. कोळशावर फिक्सेटिव्ह मारायचे राहून चेहरा पुसला गेला, तर ‘स्मृतीची झीज’. तैलरंग सबमिशनपर्यंत वाळलाच नाही, तर ‘प्रक्रिया हीच कृती’. आणि भट्टीत तडकलेल्या मातीच्या घोड्याला तर दोन परिच्छेद, शिवाय तळटीप! १९१७ साली कलावंत मार्सेल द्युशाँने कलाकृती म्हणून सादर केलेल्या मूत्रपात्रावर ‘आर. मट’ एवढीच सही केली; बिचारा अल्पाक्षरी निघाला. पुढील वर्षापासून चित्रे घरीच ठेवून केवळ निवेदने टांगावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. परीक्षकांची हरकत नसावी. यंदाही त्यांनी चष्मा चढवला, तो निवेदनापुढेच.