पिवळी रेघ

नवी गाडी घेतली की माणसं पेढे वाटतात. आमचे टॉर्कराव तक्रारी वाटतात. तुमच्याही ओळखीत असा एखादा असणारच; नसला तर तुमच्या सोसायटीत अजून कोणी टूरिंग बाईक घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमचे चिंचवडला, बी विंगच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी सापडतात. त्यांना वेगळं आडनाव आहे, पण ते आता फक्त लाईटबिलावर उरलंय.

गाडी ताब्यात घेतली दसऱ्याला. शोरूममध्ये ही गर्दी. टायरखाली लिंबू, हँडलला झेंडूची माळ, मॅनेजर पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली घेऊन फोटोसाठी ताटकळलेला. आणि मालक? मालकांनी सीट काढून डोकं आत खुपसलेलं, तोंडात टॉर्च. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, नारळ फोडायचाय.’’ आतून आवाज आला, ‘‘थांब, बॅटरीचं टर्मिनल नुसत्या हाताने फिरतंय.’’ मग चेन सैल निघाली. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की एक वायर ताणते, हा शोध लागला. मॅनेजर गोड हसून म्हणाला, ‘‘सर, फर्स्ट सर्व्हिसला सगळं बघून घेऊ.’’

‘‘म्हणजे तोपर्यंत कोणाच्या भरवशावर चालवू?’’

मॅनेजरने लिंबाकडे पाहिलं.

आता ती रेघ. कारखान्यात बोल्ट ठरलेल्या जोराने कसून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर पेंटमार्करने एक बारीक रेघ ओढतात. बोल्ट पुढे कधी फिरला तर रेघ मोडते आणि पाना न लावताच कळतं. साधी युक्ती आहे, मला आवडली. पण टॉर्करावांच्या गाडीवर काही बोल्ट असे निघाले की रेघ ठसठशीत, सरळ, आणि बोल्ट मात्र ढिला. ‘‘म्हणजे रेघ आधी मारली आणि कसायचं राहून गेलं,’’ ते म्हणाले. ‘‘सही आधी, तपासणी नंतर. आणि ही पद्धत काय फक्त कारखान्यातच आहे?’’

त्या संध्याकाळी ते स्वतःचा पिवळा मार्कर घेऊन आले. तिथपासून आमच्या सोसायटीचे ग्रह फिरले.

दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी पसरली जाते. तिच्यावर पाने आकारमानाप्रमाणे, आणि मधोमध निळ्या पेटीत टॉर्क रेंच. हा पाना सोवळ्यातला. त्याच्यावर आकडा लावायचा, हळूहळू दाबायचं, आतून ‘टक्’ असा आवाज आला की तिथेच थांबायचं. काम झालं की आकडा पार खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. बोल्ट सोडायला तो वापरायचा नाही, त्या हलक्या कामाला दुसरे पाने आहेत. आट्यांना तेल लागलेलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही; घर्षण कमी झालेलं असतं, म्हणून ‘टक्’ येईपर्यंत बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. हे सगळं मला भाजीची पिशवी हातात धरून उभ्या उभ्या कळलंय. जिना तीन पावलांवर होता.

एका रविवारी मागचं चाक धरणारा चिमटा सोडून बघितला तर त्याच्या पिनेवर ग्रीसचा नुसता वास. ‘‘कोरडा!’’ टॉर्कराव ओरडले. वॉचमन धावत आला. टॉर्करावांनी त्यालाही पिन दाखवली. एक पावसाळा आंबोलीत, एक ताम्हिणीत काढला की ही पिन आत गंजून बसणार आणि मग घणाने काढावी लागणार, हे त्याला समजावून सांगितलं. तेवढ्या वेळात गेटमधून पाण्याचा टँकर आत आला, बाहेरही गेला. वॉचमनकडे सायकल आहे. तिच्या हँडलच्या बोल्टवर आता पिवळी रेघ आहे.

पहिल्या सर्व्हिसची कथा सर्व्हिस सेंटरवालेच जास्त चांगली सांगतात. तिथे काचेवर ‘ग्राहकांनी आत येऊ नये’ अशी पाटी आहे. टॉर्कराव पाटीच्या आतल्या बाजूला उभे होते. इंजिनचं जुनं तेल त्यांनी घरून नेलेल्या पांढऱ्या एनॅमलच्या पातेल्यात सोडायला लावलं आणि पातेलं उन्हात नेलं. काळपट तेलावर श्रीखंडावरच्या वर्खासारखी बारीक चमक तरंगत होती. पोरगेला मेकॅनिक घाबरला. टॉर्करावांनी मात्र चिमटीत तेल चोळून पाहिलं आणि खूश झाले. नवे गिअर एकमेकांशी, नव्या पिस्टन रिंगा सिलिंडरशी सुरुवातीला घासून जुळवून घेतात, त्याचा हा चुरा. तो निघायलाच हवा, आणि म्हणूनच पहिलं तेल लवकर बदलायचं. बोटाला कण टोचला तर काळजी. मेकॅनिकला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. त्याला सांगितलेलं होतं ते एवढंच, की एका गाडीला किती मिनिटं लावायची.

ते पातेलं वहिनींचं दुधाचं होतं. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि रेघा वाढतच गेल्या. गॅसच्या शेगडीला, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूला, पंख्यांना, सासूबाईंच्या वॉकरला चार पायांच्या चार. गणपतीच्या मखराला इतक्या, की आरतीला आलेल्या एका बाईंनी ‘डिझाइन छान आहे’ म्हणून फोटो काढला. लिफ्टच्या दाराला रेघ ओढली तेव्हा सेक्रेटरींनी नोटीस लावली. ती नोटीस ज्या फळ्यावर होती, त्याचा खालचा स्क्रू ढिला होता. होता, म्हणजे आता नाही. वहिनी म्हणतात, ‘‘आमच्या घरात एकच स्क्रू ढिला राहिलाय, आणि रेघ मारायला तो एका जागी बसत नाही.’’

यात टूरिंग कुठे आलं, असं विचाराल तर मीही विचारलं होतं. लेहला जायचं ठरलंय. नक्की ठरलंय. गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या मोठ्या पेट्या आहेत. एकीत पाने आणि ट्यूबा, दुसरीत क्लचची केबल, ब्रेकचे पॅड, निळं थ्रेडलॉक आणि पंप. ‘‘मग कपडे?’’

‘‘कपडे मनालीत मिळतात. लांब सॉकेट नाही मिळत.’’

गाडी आतापर्यंत लोणावळ्याच्या पुढे गेलेली नाही. प्रत्येक वेळी कुठूनतरी बारीक आवाज येतो आणि स्वारी माघारी वळते.

मला हा माणूस आवडत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. त्यामुळे पुढचं जरा नाइलाजाने सांगतो. माझी मुलगी पहाटे स्कूटरवरून क्लासला जाते. एकदा तिची गाडी पुसताना पुढच्या ब्रेकच्या बोल्टवर मला पिवळी रेघ दिसली. न विचारता आमच्या गाडीला हात लावला म्हणून मी तणतणत वर गेलो. त्यांनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘दोन आटे बाहेर आला होता. आणि ती साडेपाचला निघते. तुम्हाला उठवत कोण बसणार?’’ यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

निवृत्तीआधी ते पिंपरी पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. व्हीआरएसच्या एका लाटेत बाहेर पडले. तेव्हाच लाईनवर कायम कामगार कमी आणि टेम्पररी पोरं जास्त व्हायला लागली होती. २४० दिवस भरले की कायम करण्याचा प्रश्न येतो, म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास पोराला ‘ब्रेक’ द्यायचा आणि त्या जागेवर नवा उभा करायचा. ‘‘हाताला बोल्ट कळायला लागतो तेव्हा हात घरी पाठवायचा,’’ एवढं एकच वाक्य ते या विषयावर बोलतात. पुढे काही विचारलं तर चेनचा ताण सांगायला लागतात.

परवा रात्री आम्ही पावभाजी मागवली. ॲपवर पोरगा गेटपाशी येऊन ठिपका झाला आणि तिथेच थांबला. बऱ्याच वेळाने मी खाली गेलो. त्याची बाईक सतरंजीशेजारी डबल स्टँडवर, टॉर्कराव उकिडवे बसलेले, आणि बोलता बोलता निघालं ते असं, की हा पोरगा लातूरकडचा, आयटीआय केलेला, आणि टॉर्करावांची गाडी जिथे बनते त्याच लाईनवर पुढच्या चाकाच्या स्टेशनला होता. मागच्या वर्षी ब्रेक मिळाला.

टॉर्करावांचा पुढचा ॲक्सल ढिला निघाला होता. तक्रारींच्या यादीत तो पहिल्या नंबरवर आहे, लाल शाईने. ती यादी कायम त्यांच्या खिशात असते. हात खिशाकडे गेलेला मी बघितला.

‘‘किती न्यूटन-मीटरला कसायचास?’’

‘‘आकडा माहीत नाही काका. गन आपोआप थांबायची. हिरवा दिवा लागला की पुढची गाडी.’’

‘‘आणि नाही लागला तर?’’

‘‘तर लाईन थांबते. मग सुपरवायझर येतो, काहीतरी करतो, लागतो दिवा.’’

खिशातून यादी निघाली नाही. निळी पेटी निघाली. सोसायटीच्या कमिटीलाही जिला हात लावायची परवानगी नाही, ती टॉर्करावांनी पोराच्या मांडीवर ठेवली, मागच्या ॲक्सलचा आकडा लावला आणि म्हणाले, ‘‘सावकाश दाब. ‘टक्’ झालं की थांब.’’ त्याच्याच गाडीच्या नटावर. पोरगा तीनदा चुकला, चौथ्यांदा थांबला. मग मार्कर कोणी चालवायचा यावरून दोघांची थोडी ओढाताण झाली.

‘‘काका, तीन ऑर्डरी राहिल्यात,’’ पोरगा म्हणाला.

‘‘असू दे. आता पुढचं चाक.’’

त्या तीनांतली एक माझी होती. मी तिथेच सतरंजीच्या कडेला बसलो आणि एक पाव खाल्ला.