सांडव्यावरची मंडळी

पावसाळा लागला की पनवेलकराला नातेवाईक उगवतात. मे महिन्यात ज्यांचे फोन लागत नाहीत, मुंजीच्या आमंत्रणाला जे 'बघतो' म्हणून तोंडाला पानं पुसतात, ती दादर-डोंबिवलीची मंडळी जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकळ्यासारखी जागोजाग वर येतात. "काय रे, धरण भरलं का?" एवढाच प्रश्न. आईचे गुडघे कसे आहेत, ही चौकशी धरण भरल्यानंतर.

धरण म्हणजे देहरंग. कागदोपत्री देहरंग, लोकांच्या तोंडी गाढेश्वर. माथेरानच्या डोंगरावर पडणारं पाणी गाढी नदीतून खाली येतं, तिथे अडतं आणि जुन्या पनवेलच्या नळाला लागतं. धरण पालिकेच्या मालकीचं. गावाला नगरपालिका 1852 साली मिळाली आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महापालिका झाली. गाव वाढलं, पालिका वाढली, धरण तेवढं वाढलं नाही. उलट डोंगरावरून येणारा गाळ साचत जाऊन ते आतल्या आत लहान होत गेलं. म्हणून ते चार दणदणीत पावसांत भरतं. "बघ, तुमचं धरण किती लवकर भरतं!" असं मावसभाऊ कौतुकानं म्हणतो. लवकर भरतं ते लवकर रिकामंही होतं, हे त्याला सांगण्यात अर्थ नसतो. तोवर तो गाडीत बसलेला असतो.

रस्त्यापासूनच करमणूक सुरू होते. पनवेलहून सुकापूर, नेरे करत धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही माथेरान रोड म्हणतो. या रस्त्यानं मोटार माथेरानला जात नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि जायचा सरळ मार्ग नेरळवरून. आमचा माथेरान रोड धोदाणीला डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडतो. पुढे पायांत दम असेल तर चढा आणि सनसेट पॉइंटला निघा. दर पावसाळ्यात एखादी तरी गाडी हातात फोन धरून गावातल्या म्हाताऱ्याला विचारते, "माथेरान अजून किती?" म्हातारा मान वर करून ढगात बोट दाखवतो. त्याचं उत्तर अगदी बरोबर असतं.

मधे वाजे गाव लागतं. तिथे वहिनी गाडी थांबवायला लावतात, कारण सलमान खानचं फार्महाऊस. दिसत काहीच नाही; भिंत दिसते, झाडं दिसतात. तरी त्या भिंतीसमोर फोटो होतो. 2021 च्या डिसेंबरात तिथे त्याला साप चावला तेव्हा देशभर बातमी झाली. साप बिनविषारी निघाला हे बरंच झालं. पण या पट्ट्यातल्या लोकांच्या घरात दर पावसाळ्यात साप येतात आणि ते काठीनं बाहेर काढून लोक पुन्हा जेवायला बसतात. त्याची बातमी शेजारच्या घरापर्यंतसुद्धा जात नाही.

पुढे रस्त्याच्या कडेला ठाकूर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, कर्टोली. इथे शहरी माणसाचा खरा बाणा दिसतो. पहाटे डोंगरात हिंडून आणलेल्या कर्टोल्यांच्या वाट्यावर तो दहा रुपयांसाठी पाच मिनिटं घासाघीस करतो. आणि शंभर पावलांवर, ताडपत्रीखाली उकळलेल्या मॅगीला सांगतील ती किंमत मुकाट्यानं मोजतो. मॅगीवाला चीज घालतो म्हणे.

धरणावर पोहोचल्यावर मंडळी नेमकी सांडव्याकडे जातात. सांडवा ही धरणातलं जादा पाणी बाहेर जायची जागा. पण जिथून पाणी सांडतं तिथेच जाऊन सांडायचं, असं आपल्या लोकांनी ठरवून टाकलेलं आहे. काका बनियनवर पाण्यात बसतात आणि पाठीवर धार घेत "हे कंबरेला फार चांगलं" म्हणतात. एकजण स्पीकर आणतो, दुसरा त्याहून मोठा आणतो. चिप्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि एकेकटी चप्पल प्रवाहाला लागते. चप्पल कधीच जोडीनं वाहून जात नाही.

या सगळ्यावर दर पावसाळ्यात मनाई आदेश निघतो. वाहत्या पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली बसू नये, दारू पिऊ नये, धोक्याच्या ठिकाणी सेल्फी काढू नये, वाहनं उभी करू नयेत, कर्णकर्कश गाणी लावू नयेत. मी हा आदेश जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटतं, सहलीचा कार्यक्रम इतक्या तपशिलानं आम्हालाही लिहिता आला नसता. मावसभावानं तर तो फोनवर साठवून ठेवला आहे; काही राहून गेलं का, ते पाहायला.

इंग्लंडात 24 एप्रिल 1932 ला उलटाच प्रकार झाला होता. मँचेस्टरकडचे चारएकशे लोक, बरेचसे कामगार तरुण, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर ठरवून घुसले. वाट पाण्याच्या साठ्याच्या कडेनं वर जात होती आणि वरचं माळरान धनिकांनी पाखरांच्या शिकारीसाठी राखून ठेवलं होतं. चालणाऱ्यांना मज्जाव. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1951 साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान त्याच भागात झालं. हे मी मावसभावाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपणसुद्धा सत्याग्रहीच की!" त्याच्या हातात मॅगीची बशी होती. त्या पोरांनी तुरुंग भोगून बंद वाट उघडली. आमची वाट उघडीच होती, ती आम्ही दोन्ही बाजूंनी गाड्या लावून बंद केली.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेनं वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं. इंजिनं गेली, पायऱ्यांवर माणसं आली. त्याच धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा ठिकाणी पाणी बघता बघता चढतं, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडत नसतो; तो वर पठारावर पडत असतो. खाली ऊन असतं. आमच्या धरणावर कणसं भाजणारी एक आगरी मावशी अर्ध्या वाक्यात हे समजावते : "डोंगर काला झालाय, पोरांना भायेर काढा." तिचं न ऐकणाऱ्याला ती कणीस देत नाही. मनाई आदेशाहून तिचा वचक जास्त.

इथल्या लोकांची स्वतःची करमणूक वेगळीच. पहिला जोराचा पाऊस झाला की ते रात्री टॉर्च घेऊन ओढ्याला, शेताच्या बांधाला जातात. नव्या पाण्याबरोबर मासे उलटे वर चढतात, ते वळगणीचे मासे. जोडीला दगडाखालचे मुठे, म्हणजे खेकडे. अंगावर घोंगडी किंवा खताच्या गोणीची खोळ, पायात काही नाही, आणि सगळं कुजबुजत, कारण आवाज झाला की मुठा बिळात. घरी येऊन पहाटे कालवण. एकदा मलाही नेलं होतं. माझ्या चिखलातल्या चालण्याच्या आवाजानं त्या भागातले मुठे इतके सावध झाले की नंतर मला फक्त टॉर्च धरून बांधावर उभं राहायचं काम मिळालं. ते मी चोख केलं. या करमणुकीला स्पीकर लागत नाही आणि तिच्यावर मनाई आदेश निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी पाहुणे घरी येतात, ओले कपडे माझ्या दांडीवर टाकतात आणि बायकोकडे प्यायला पाणी मागतात. ती तांब्याभर देते. "काय गोड पाणी आहे तुमच्याकडे!" असं काका म्हणतात. दुपारभर ते ज्यात बसले होते तेच हे पाणी, शुद्धीकरण होऊन आलेलं. बायको माझ्याकडे बघते, मी खिडकीबाहेर.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात पनवेलात टँकर फिरतात. देहरंगचं पाणी वर्षभर पुरत नाही. मग बाहेरून विकत घेतलेल्या पाण्याची भर घालावी लागते. म्हणून वाचकहो, तुम्ही यायचंच म्हणता तर एकदा मे महिन्यात या. रस्ता मोकळा असतो, पोलीस नसतात, गाडी कुठेही उभी करता येते, धरण अगदी आतपर्यंत बघायला मिळतं. तळातला गाळ, त्यात रुतलेल्या आपल्याच पिशव्या, आणि शोधलीत तर तुमची चप्पलही. फक्त येताना पाण्याचे दोन कॅन घेऊन या. एक तुमच्यासाठी, एक आमच्यासाठी.