मंग हे घोडे?

मे महिन्यात रात्री अकरा वाजता नागपूरचा माणूस दोनच कामं करतो: कूलरमध्ये पाणी भरतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर भांडतो. मी दोन्ही एकदमच केली, म्हणून फरशी ओली झाली.

झालं असं, की कॉलनीच्या ग्रुपवर एका भाऊंनी झिरो माईलचा फोटो टाकला. खांब, चार घोडे आणि खाली ‘भारताचा केंद्रबिंदू’. गप्प बसायला हवं होतं. मी लिहिलं, की हा दगड इंग्रजांच्या मोजणी खात्याचा. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. आजच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यातल्या करौंदीला मानतात.

उत्तर आलं, “मंग हे चार घोडे तिथं काय करून राहिले?”

आता काय बोलता! एका बाजूला तीन दशांश स्थळं, दुसऱ्या बाजूला चार घोडे. मी नकाशा पाठवला. भाऊंनी तोच फोटो पुन्हा पाठवला, जरा मोठा करून. मी इतिहासात शिरलो: १९३७पर्यंत ब्रह्मदेशसुद्धा ब्रिटिश हिंदुस्थानात होता, मग तेव्हा मध्य इथं कसा असेल?

“ब्रह्मदेश गेला. नागपूर हाये ना जागेवर?”

पाठोपाठ हात जोडल्याची तीन चित्रं. एक वाजेपर्यंत मी भाऊंचं काही वाचतच नव्हतो, पुढचा टोला तेवढा जुळवत होतो. तिकडेही बहुधा तेच चाललं असावं.

फरशी पुसताना जरा डोकं थंड झालं. भाऊंचा जन्म झाला तेव्हा हे शहर राजधानी होतं. १९५६ साली ती गेली. १९५३च्या नागपूर करारातून उरलं ते हिवाळी अधिवेशन: थंडीतले थोडे दिवस, सरकारी गाड्यांची वर्दळ, मोर्चे, आणि मग पुन्हा सामसूम. राहता राहिला तो विधानभवनाजवळचा हा दगड. आणि मी रात्री अकरा वाजता, पायजम्यावर बसून, तोही करौंदीला पाठवायला निघालो होतो!

दिवाळीत पुण्याहून साडू आले. तर्री-पोहे खाऊ घालून त्यांना झिरो माईलला नेलं. घाम पुसत ते म्हणाले, “अहो, पण खरं केंद्र तर मध्य प्रदेशात आहे ना? मी वाचलंय कुठेतरी.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं.

“मंग हे चार घोडे इथं काय करून राहिले, साडूभाऊ?”