सूर्य मावळेपर्यंत थांबावे

जुलै महिन्यात व्हर्सायला सूर्य मावळतो दहाला दहा कमी असताना, आणि तिथल्या राजवाड्याच्या बागेतला रात्रीचा दिव्यांचा खेळ सुरू होतो साडेआठला. यात काही खटकण्यासारखं आहे असं फ्रेंच लोकांना वाटत नाही. तिकिटावर ‘रात्रीचा’ छापलंय ना, मग रात्र आहे! फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा डोक्यावर टोप्या आणि डोळ्यांवर गॉगल चढवून रात्र बघायला आत शिरला. त्यात आम्ही चौघं होतो. मी, मामा, मामी आणि या सगळ्याचं खापर जिच्या डोक्यावर फोडायचं ती माझी मामेबहीण. ती पॅरिसला पीएचडी करते. आईबाबांना नेहमीच्या टॉवरपेक्षा काहीतरी वेगळं दाखवायचं म्हणून तिने शनिवारची ही तिकिटं काढली होती.

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेत, पण अजूनही कुठल्या नव्या गावात शिरले की आधी खांब मोजतात. बागेत पाऊल ठेवल्याबरोबर त्यांची नजर झुडपांच्या बुडाशी गेली. तिथे दिवे लावलेले होते. दिवे चालू होते. लख्ख ऊन पडलेलं, आणि दिवे चालू!

“दिवसाउजेडी लाइट सुरू,” मामा म्हणाले. “आमच्याकडे याला मेमो मिळायचा.”

“बाबा, अंधार पडला की दिसतील.”

“अंधार पडला की लावावेत मग.”

या युक्तिवादाला सॉर्बोनमध्येही उत्तर नसावं. बहीण गप्प बसली.

बागेचा मालक चौदावा लुई हा स्वतःला सूर्य म्हणवून घ्यायचा, आणि त्याच्याच बागेत सूर्य हलायला तयार नव्हता. याला सूड म्हणावं की निष्ठा, ते ज्याने त्याने ठरवावं. मुळात हे व्हर्साय उभं राहिलं तेच मत्सरातून, असं म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे. १६६१ च्या ऑगस्टमध्ये खजिनदार फुके याने व्हो-ल-व्हिकोंत या आपल्या नव्या वाड्यावर राजाला जेवायला बोलावलं. बाग, कारंजी, मोलिएरचं नाटक, आतषबाजी, सगळा थाट राजापेक्षा सरस. राजा जेवला, गोड बोलला, आणि तीन आठवड्यांच्या आत फुकेला अटक झाली. मग त्याचा वास्तुकार, त्याचा चित्रकार आणि बाग आखणारा ल नोत्र या तिघांनाही राजाने आपल्या कामावर घेतलं. लग्नाच्या मांडवातून यजमानाला चौकीवर आणि त्याच्या आचाऱ्याला आपल्या घरी न्यायचं, असा तो प्रकार.

लगेच १६६४ च्या मे महिन्यात राजाने इथे पहिला मोठा जलसा केला. निमंत्रित सहाशे. नाटकं, नाच, शर्यती, तळ्यात उभारलेला जादूगारणीचा महाल दारूकामात उडवून देणं, काही बाकी ठेवलं नाही. फक्त या सहाशे जणांनी झोपायचं कुठे, याचा कोणी विचार केला नव्हता. द’ऑर्मेसाँ नावाच्या न्यायाधिकाऱ्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की दरबारी मंडळी संतापली होती आणि भल्याभल्या सरदारांना डोकं टेकायला जागा मिळत नव्हती. हे ऐकून मामींचा चेहरा प्रथमच खुलला. पॅरिसात आल्यापासून त्या हॉटेलच्या खोलीबद्दल हेच म्हणत होत्या.

मामींचा दुसरा प्रश्न जेवणाचा. त्यांचं जेवण आठला होतं, जगात कुठेही असल्या तरी. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. बहीण कुजबुजली, “आई, बागेत बसून खायला बंदी आहे.”

“बसूनच ना?” मामी म्हणाल्या, आणि उभ्याने दशमी सोडली.

तेवढ्यात बहिणीने फोनवर एक चीज काढली. चौदाव्या लुईने आपली बाग कशी पाहावी याची स्वतः एक मार्गदर्शिका लिहिली होती. १६८९ ते १७०५ या काळात तिच्या सहा आवृत्त्या झाल्या, आणि त्यातल्या काहींचं हस्ताक्षर खुद्द राजाचं आहे. एवढं साम्राज्य, एवढी युद्धं, आणि हा माणूस बसून लिहितोय की वाड्यातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांच्या वर थांबावे, ताटवे पाहावेत, मग अमुक हाताला वळावे, तिथे पुन्हा थांबावे. कौतुक एका शब्दाचं नाही. अमुक सुंदर आहे, तमुक भव्य आहे, काही नाही. नुसत्या आज्ञा. बहीण ते फ्रेंचमधून मराठीत करून वाचत होती आणि मला वाटत होतं की सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारावरच्या पाट्या कोणीतरी ओळीने वाचतंय. ‘चपला रांगेत काढाव्यात’ एवढंच काय ते राहिलं होतं.

“उगाच इकडे तिकडे फिरू नये म्हणून सांगितलंय,” मामी म्हणाल्या. “शहाणा होता.” आणि त्या क्षणापासून त्यांनी राजाची बाजू घेतली.

राजाच्या आज्ञेप्रमाणे आम्ही पायऱ्यांवर थांबलो. खाली लॅटोनाचं कारंजं. संगमरवरी थरांच्या शेंड्यावर एक बाई दोन मुलांना घेऊन उभी, आणि भोवती सोनेरी बेडूक तिच्या दिशेने पाण्याच्या चुळा टाकतायत. काही बेडूक अजून अर्धे माणूस आहेत. एकाचं धड माणसाचं आणि तोंड बेडकाचं झालेलं. गोष्ट अशी, की लॅटोना तान्ह्या अपोलो आणि डायनाला घेऊन उन्हातान्हाची एका तळ्यावर आली, तर गावकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही, उलट गाळ ढवळून पाणी गढूळ केलं. तिच्या शापाने सगळे बेडूक झाले.

मामींचं माहेर लातूरचं. त्या बेडकांकडे बराच वेळ बघत राहिल्या. “पाणी अडवणाऱ्याचं असंच व्हायला पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नक्की कोणकोणते चेहरे तरळून गेले असतील याचा मी अंदाज बांधू शकत होतो. मात्र आमच्याकडे एवढ्या बेडकांना जागा पुरणार नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. पाणी अडवणाऱ्यांना शिक्षा सांगणाऱ्या या बागेतच पाणी नव्हतं. व्हर्साय उंचवट्यावर, सीन नदी लांब आणि खाली. राजाला कारंजी हवीत हजारोंनी. मग १६८४ मध्ये मार्ली इथे नदीवर एक अजस्र यंत्र उभं राहिलं. बारा मीटर व्यासाची १४ चाकं, दोनशेहून जास्त पंप, आणि पाणी दीडशे मीटरपेक्षा जास्त उंच चढवायचं. त्याचा खडखडाट आसपासच्या वाडेवाल्यांना रात्रंदिवस छळायचा. तरी पाणी पुरेना. मग यूर नदी वळवून आणायचं ठरलं, हजारो सैनिक खणायला जुंपले, त्यातले कित्येक तापाने मेले, आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काम थांबलं ते थांबलंच. मँतनों गावात त्या जलसेतूच्या कमानी अजून उभ्या आहेत, डोक्यावर पाण्याचा थेंब नसलेल्या. योजना अर्धवट सोडून कमानी तेवढ्या ठेवायच्या, ही कला आपण कोणाकडून शिकलो हे मामांना तिथे कळलं.

मामी ऐकत होत्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर, तेव्हा त्या माहेरीच होत्या. “मग एवढं पाणी पुरवायचे कसं?” त्यांनी विचारलं.

पुरवायचे नाहीत. हेच ते गुपित. राजा बागेत फिरायला निघाला की कारंजेवाले झुडपांआड दबा धरून बसत. स्वारी जवळ आली की एकाने शिट्टी वाजवायची, पुढच्याने चावी फिरवायची, कारंजं उडायचं. स्वारी पुढे गेली की मागचं बंद. बघणाऱ्याला वाटायचं, बागभर पाणी नाचतंय. त्याच्या मार्गदर्शिकेतलं ‘इथे वळावे, इथे थांबावे’ त्यामुळे मला एकदम वेगळं दिसायला लागलं. सौंदर्यदृष्टी असेलही, पण त्यात पाण्याची पाळी नसेलच असं कोणी सांगावं!

“म्हणजे लोडशेडिंग,” मामा म्हणाले. आयुष्यभर ज्या कामाबद्दल शिव्या खाल्ल्या ते काम एका सूर्यराजाच्या दारात इतक्या शानदारपणे होत होतं, या विचाराने त्यांची मान ताठ झाली.

साडेनऊ वाजले तरी ऊन होतं. मधल्या हिरवळीच्या पट्ट्याने आम्ही खाली अपोलोच्या तळ्याशी गेलो. सूर्यदेव चार घोड्यांच्या रथातून पाण्याबाहेर उसळतोय. मामांनी आकाशाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं आणि बोटाने दिशा लावल्या. तळ्यामागे १,६७० मीटर लांबीचा मोठा कालवा, त्याच्या टोकाशी खरा सूर्य मावळायला टेकलेला. म्हणजे ती पश्चिम. आणि हा अपोलो पश्चिमेकडून निघून पूर्वेला राजवाड्याकडे निघालेला.

“उलटा बसवलाय.”

“राजाकडे पाठ कशी करणार, बाबा?”

मामांनी मान डोलावली. साहेबाच्या बंगल्यावर लाइन कुठून न्यायची याचे त्यांचे अनुभव असेच होते.

अंधार पडला तो साधारण सव्वादहाला, आणि पडला तो भसकन नव्हे, चोरपावलांनी. त्याबरोबर ज्या दिव्यांना मामांनी दोन तास नावं ठेवली होती ते कामाला लागले. खरं सांगायचं तर सगळंच आवडलं असं नाही. ल नोत्रने कात्री लावून एवढी शिस्तीत उभी केलेली झाडं जांभळ्या आणि हिरव्या उजेडात न्हाऊ घातली की ती झाडं राहत नाहीत, मंगल कार्यालयाचं प्रवेशद्वार होतात. पण एन्सेलाडसच्या कुंजात गेलो आणि बोलणं थांबलं. देवांशी भांडला म्हणून खडकांखाली गाडला गेलेला हा राक्षस. सोन्याचा मुलामा दिलेलं डोकं आणि प्रचंड हात तेवढे दगडांतून बाहेर आलेत, बोटं ताणलेली, नखं दिसतात. आणि वर आकाशाकडे उघडलेल्या तोंडातून पाण्याचा खांब उडतो, पंचवीसेक मीटर. दिवसा हे कारंजं असतं. रात्री, खालून उजेड आल्यावर, ती किंकाळी होते.

मामी हळूच म्हणाल्या, “याला सोडवत का नाहीत?”

राजाचा संगीतकार ल्यूली याच्या काळातलं संगीत झाडीतून येत होतं. मी राक्षसाकडे बघत होतो, बहीण फोटो काढत होती, आणि मामा नव्हते.

ते सापडले मागच्या कुंपणाच्या कडेला. उकिडवे बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचा, निळ्या कपड्यांतला एक कामगार उकिडवा बसला होता. दोघांच्या मध्ये एक उघडी पेटी, आत केबलांचं भेंडोळं. मामांना फ्रेंच येत नाही आणि त्याला मराठी. मामा एका जोडाकडे बोट दाखवून हात हलवत होते. त्याने खांदे उडवले. मामांनी आकाशाकडे बोट करून पावसाची खूण केली. त्याने बॅटरीच्या उजेडात रबराची एक चकती दाखवली. मामांनी ती दोन बोटांत धरून दाबून पाहिली आणि “हां” म्हणाले. मग त्याने खिशातून फोन काढला आणि कसलातरी जळका स्विचबोर्ड दाखवला. मामांनीही फोन काढला. त्यांच्याकडेही तसले फोटो असतात, नातवंडांचे असतात त्याच फोल्डरमध्ये. तीनशे वर्षांच्या फ्रेंच वैभवाकडे पाठ करून दोघं जळके स्विचबोर्ड बघत होते आणि मधूनमधून हळहळत होते.

“बाबा, चला, आतषबाजी चुकेल!”

वाटेत मामा जोरात होते. “माणूस कामाचा आहे. अर्थिंग चोख केलंय.” आणि मग, अर्थिंगवरून इतिहासाकडे कसे वळले कोण जाणे, “अरे, १६७४ ला इकडे काय चाललं होतं?”

१६७४ ला इकडे लुईने एक प्रांत जिंकल्याचा जलसा केला होता, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि शेवटच्या रात्री हा अख्खा कालवा दिव्यांनी उजळला होता. त्याच वर्षी ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक. आणि याच राजाचा मंत्री कोल्बेअर याने हिंदुस्थानात धाडलेला आबे कारे नावाचा पाद्री त्या सुमाराला आपल्या मुलुखात फिरत होता. शिवाजी महाराजांबद्दल तो तोंड भरून लिहून गेलाय.

“बघ,” मामा मामींना म्हणाले, जसं काही कारेला त्यांनीच कनेक्शन दिलं होतं.

दहा पन्नासला कालव्यावर दारूकाम सुरू झालं. पंधरा मिनिटं. दारूकामाचं वर्णन कोणी करू नये, सगळीकडे ते सारखंच असतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक बाण दोनदा फुटतो, एकदा वर आणि एकदा पाण्यात. आमच्या पुढे एक जपानी आजोबा होते, ते फक्त खालचे बघत होते. मी पण मग खालचेच बघितले.

परतीची वाट चढाची. सगळी गर्दी एकदम वर निघाली, शेवटची लोकल पकडायच्या घाईने. लॅटोनाच्या बेडकांशी आल्यावर मामींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. संधिवात झाल्यावर राजा याच बागेत चाकांच्या खुर्चीतून फिरायचा, असं बहिणीने त्यांना धीर द्यायला सांगितलं. “ढकलायला माणसं होती त्याला,” मामी म्हणाल्या, कशाबशा वर चढल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या.

गर्दी पांगत गेली. एक सुरक्षारक्षक येऊन नम्रपणे काहीतरी म्हणाला. बहिणीने सांगितलं, बाग बंद होतेय, उठायला सांगतोय.

“राजाने लिहिलंय ना, इथे थांबावे म्हणून? सांग त्याला.”

बहिणीने सांगितलं नाही. रक्षक दहा पावलं मागे गेला, छातीवरची शिट्टी काढली आणि उरल्यासुरल्या लोकांना हाकलायला जोरात फुंकली. मी मामींना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पदर सावरून नीट बसल्या.

“थांब रे, शिट्टी झाली. आता पाणी सोडतील.”