कलम तीसचे काका

जबलपूरच्या घमापुरातला मराठी माणूस लग्नकार्याला नागपूरला गेला की बहुसंख्य असतो आणि परतीच्या गाडीने गोंदिया सोडून बालाघाट जिल्ह्यात चाक टाकलं की अल्पसंख्य होतो. बाकीच्यांना हे कळतही नाही. ते तेव्हा डबा उघडून धपाटे खात असतात. काका मात्र खिडकीशी सरसावून बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम घटनात्मक तेज येतं.

"झालो," काका म्हणतात.

"काय झालात?" काकू.

"अल्पसंख्य."

"बरं. लोणचं वाढू?"

असे काका एकटे घमापुरातच आहेत असं नाही. परप्रांतात जिथे जिथे मराठी मंडळींनी शाळा काढली, तिथे तिथे कार्यकारिणीत एक तरी असतोच. आमच्या वाट्याला आलेला नमुना ऑर्डनन्स कारखान्यातून निवृत्त झालेला आणि एका अनुदानित शाळेचा तहहयात सचिव. शाळेचं नाव सांगत नाही. मला याच गल्लीत दिवस काढायचे आहेत.

इतर लोक शर्टाच्या खिशात गजानन महाराजांचा फोटो ठेवतात. काकांच्या खिशात राज्यघटनेच्या कलम ३० चा पहिला खंड आहे, लॅमिनेट केलेला. धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क. त्यातल्या 'पसंतीच्या' या शब्दाखाली लाल रेघ आहे. चौकातल्या टपरीवाल्याने "काय बड्डे, चाय?" विचारलं तरी काकांचा हात आधी खिशाकडे जातो.

काकांचा जन्म झाला तेव्हा जबलपूर जुन्या मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं हायकोर्ट जबलपूरला आलं आणि काकांचे वडील बिऱ्हाड न हलवता परप्रांतात राहायला गेले. घरी ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. "काय जायचं ते गेलं, हायकोर्ट तर आलं," असं आजोबा म्हणाल्याचं काका सांगतात. हायकोर्ट घराजवळ आल्याचा परिणाम मात्र तिसऱ्या पिढीवर झाला. लोक अमावस्येला ग्वारीघाटावर नर्मदास्नानाला जातात, काका सोमवारी हायकोर्टाच्या फाटकाशी जातात. कुणाची कसली तारीख आहे, एवढंच बघायला.

त्यांचं मुख्य दैवत म्हणजे टी.एम.ए. पै फाउंडेशनचा निकाल, ३१ ऑक्टोबर २००२. अल्पसंख्य कोण हे देशाकडे बघून नाही, राज्याकडे बघून ठरवायचं, असं त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. "अकरा न्यायाधीश होते, अकरा! क्रिकेटची टीम होते त्यात!" काका म्हणतात. त्या टीमच्या जोरावर बारा कोटींच्या महाराष्ट्राची भाषा बोलणारा माणूस घमापुरात हक्काचा अल्पसंख्य ठरतो. मला विचाराल तर यात हसण्यासारखं काही नाही. इथे मराठी टिकवायची तर ती बोलणारा, शिकवणारा माणूस निवडायची मुभा संस्थेला हवीच. घोडं पेंड खातं ते पुढे.

काकांना आरक्षणाचा राग. कारखान्यात रोस्टरच्या बिंदूवर एक कनिष्ठ सहकारी त्यांच्या आधी चार्जमन झाला. ती जखम काकांनी पेन्शनीतही जपली आहे. राज्यात अनुसूचित जातींना १६ टक्के, जमातींना २०; ओबीसींचे १४ टक्के २०१९ मध्ये २७ झाले, त्यावरचे खटले आमच्याच हायकोर्टात गाजले आणि काकांचे सोमवार भरगच्च झाले. हे सगळं आपल्या शाळेच्या दारापर्यंत येऊन तिथेच थांबावं, ही त्यांची जीवननिष्ठा. तिला आधार दिला दिल्लीच्या सिंधी मंडळींनी.

दिल्लीच्या १९७३ च्या शाळा नियमांत ६४ वा नियम आहे. अनुदान हवं तर शिक्षकभरतीत अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण पाळण्याची हमी द्या, असं सरकार त्याच्या आधाराने म्हणत होतं. सिंधी एज्युकेशन सोसायटी ही भाषिक अल्पसंख्याकांची संस्था. तिने नाही म्हटलं, ती भांडली, आणि जुलै २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अनुदान घेतलं तरी अशा संस्थेवर शिक्षकभरतीत आरक्षण लादता येणार नाही. त्या दिवसापासून काका सिंध्याच्या कापडदुकानात घासाघीस करत नाहीत.

निकालाची झेरॉक्स फायलीत आहे, काही पानं दोनदा. फायलीत नाही तो जानेवारी २०२० चा निकाल. त्यात त्याच कोर्टाने पश्चिम बंगालच्या अनुदानित मदरशांसाठी आयोगाने शिक्षक निवडणं वैध ठरवलं. मी एकदा आठवण केली. काका म्हणाले, "ती धार्मिक बाब आहे, आपली भाषिक." मग थोडं थांबून, "आणि ते बंगालचं आहे. तिकडे सगळंच वेगळं."

आता ज्या भाषेसाठी हे चाललंय तिची शाळेतली हजेरी. मुलांत मराठी आडनावं शोधावी लागतात. प्रार्थना हिंदीत, गणित हिंदीत, मराठी फक्त गणेशोत्सवात आणि नोटीस बोर्डावर 'सुविचार' या मथळ्याखाली. काकांचा नातू मिशनच्या इंग्रजी शाळेत जातो. "तेही अल्पसंख्याकच आहेत," काका बाजू मांडतात. काकांचं स्वतःचं मराठी तर असं, की पुण्याची सून पहिल्यांदा आली तेव्हा तिने नवऱ्याला हळूच विचारलं, बाबा कुठल्या बोलीत बोलतात? कारण सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं, "बेटा, संस्थेची स्वायत्तता खतऱ्यात आहे, म्हणून मी जरा परेशान राहतो."

तर त्या शाळेत गणिताची जागा निघाली. काकांच्या पसंतीने आपला उमेदवार आधीच निवडून ठेवला होता: काकूंच्या बहिणीचा मुलगा. मुलगा गुणी, गणपतीत आरती खणखणीत म्हणतो. फक्त बी.एड. नाही. इथे टी.एम.ए. पैंनीच दगा दिला. निवड संस्थेची, पण किमान पात्रता ठरवायचा अधिकार सरकारचा, हेही त्याच निकालात आहे. काकांनी ते पान कितीदा उलटसुलट वाचलं. अकरा जणांच्या पीठाचा निकाल, कुठे फट नाही.

जाहिरात द्यावी लागली. अट काकांनी स्वतः घातली: मराठी मातृभाषा आवश्यक. सोबत मला बजावलं, "रोस्टर नाही, आरक्षण नाही, शुद्ध अल्पसंख्याक पद्धतीने." या अटीत बसणारा एकच अर्ज आला. एम.एस्सी. गणित, बी.एड., पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पत्ता घमापूर. काकांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. मुलीचे वडील काकांच्याच शॉपमधले. तोच तो रोस्टरचा बिंदू.

मुलाखतीला मी टिपणं घ्यायला होतो. काकांनी फाईल उघडली, लॅमिनेट टेबलावर मांडलं.

"बेटा, ही भाषिक अल्पसंख्याकांची संस्था आहे. आरक्षण इथे लागू नाही, हे माहीत आहे ना?"

"हो काका. मी आरक्षणातून अर्ज केलेलाच नाही. जाहिरातीत मराठी मातृभाषा म्हटलं होतं, म्हणून केला."

"मराठी… घरी बोलता?"

"आजी उमरेडची. ती दुसरं काही बोलूच देत नाही." आणि ती बोलत राहिली. स्वच्छ, ठसठशीत वैदर्भी मराठी, एकही 'परेशान' नाही. अध्यक्ष चष्मा पुसू लागले. कित्येक वर्षांत त्या खोलीत एवढं मराठी कुणी ऐकलं नव्हतं.

काका सावरले. "तसं नाही, संस्थेला अल्पसंख्याक चारित्र्य जपायचं असतं…"

"मग माझं जरा जास्तच जपलं जाईल, काका. आम्ही बौद्ध. भाषेने इथे अल्पसंख्य, आणि धर्माने केंद्राच्या यादीत. तुम्ही एकाच यादीत आहात ना?"

यावर काकांनी फायलीतलं राष्ट्रीय अल्पसंख्याक शिक्षणसंस्था आयोगाचं पत्र शोधायला घेतलं. तो आयोग २००४ च्या कायद्याचा, केंद्राने अधिसूचित केलेल्या धार्मिक अल्पसंख्याकांपुरता. काकांनी तिथे भाषिक म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज केला होता आणि तो आपल्या कक्षेत येत नाही असं उत्तर आलं होतं. ते पत्र आज मुलीसमोर काढण्यात काही अर्थ नाही हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. तोवर तिने ते वाचलं होतं.

"आमची संस्था असती तर मिळालं असतं," ती सहज म्हणाली.

समितीतल्या एका सभासदाने उच्चारांचा मुद्दा काढून पाहिला. अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा सांगायला उठला. समोर दुसरा अर्ज नव्हता, भाच्याला बी.एड. नव्हतं आणि दहावीच्या वर्गाला सहामाहीपासून गणिताचा मास्तर नव्हता. काकांनी श्वास घेतला आणि आवाज चढवला.

"लिहा," मला म्हणाले. "सदर नियुक्ती संस्थेने कलम ३० अन्वये, स्वतःच्या पसंतीने, कोणत्याही शासकीय दबावाशिवाय केली आहे. आरक्षणाचा यात काडीचाही संबंध नाही. 'काडीचाही' खाली रेघ मारा."

मी मारली. अध्यक्षांनी सही केली. सभासद चहा घेऊन आला.

"काका, ते तसंच लिहा, माझी काही हरकत नाही," मुलगी पर्स आवरत म्हणाली. "फक्त पगार कितीला होतो?"

काका अध्यक्षांकडे बघू लागले, अध्यक्ष माझ्याकडे. अनुदानाचा मागचा हप्ता यायचाच होता. काकांनी लॅमिनेट खिशात घातलं आणि शिक्षण विभागाला विनंतीपत्र लिहायला कागद ओढला. "मान्यवर महोदय," हिंदीतच.