दोघंच रे, धरूच नकोस

गौरीच्या जेवणाला किती पानं, हा प्रश्न आमच्याकडे दर भाद्रपदात पडतो. फोन केले की उत्तरं येतात: ‘चारपाच असू’, ‘बघतो, जमलं तर’, ‘दोघंच रे, धरूच नकोस’. एवढ्यावर आई पुरणाची डाळ निवडायला बसते. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा मी मात्र वही काढतो.

नेहमीचं रिग्रेशन (पुस्तकात ‘समाश्रयण’, वर्गात कुणीच म्हणत नाही) धरून चालतं, की आकडा पक्का असतो आणि रेषेपासून जो ढळला, ती चूक. पण ‘चारपाच’मध्ये चूक कुठली काढणार? सांगणाऱ्यालाच ठाऊक नसतं. लोत्फी झादे यांनी १९६५ साली असल्या धूसर गोष्टींसाठी फझी संच मांडले. १९८२ मध्ये जपानच्या हिदेओ तानाका आणि सहकाऱ्यांनी ती धूसरता थेट समीकरणातच घेतली. प्रत्येक सहगुणकाला एक मध्य आणि दोन्ही बाजूंना सारखा पसारा. रेषेचा झाला पट्टा. अट अशी, की प्रत्येक नोंद पट्ट्यात मावली पाहिजे. ती पाळून पट्टा होईल तेवढा अरुंद करायचा. लिनिअर प्रोग्रॅमिंगनं हे चुटकीसरशी सुटतं.

माझं अडलं ते मामापाशी. तीन वर्षांपूर्वी ‘दोघंच’ म्हणाला आणि त्याच्यासकट अकरा जण आले. वाटेत व्याही भेटले होते. आता मामाला मावून घ्यायचं, तर पट्टा फुगणारच, आणि वर फुगला की खालीही फुगणार. वहीत उत्तर आलं: ‘दोघंच’ म्हणणाऱ्या घरून उणे ३ ते ११ माणसं येतील. उणे तीन माणसं नेमकी कशी जेवतात, हे मी वर्गात अजून शिकवलेलं नाही.

तानाकांच्या पद्धतीवर हा आक्षेप जुनाच. १९८८ मध्ये फिल डायमंड यांनी फझी आकड्यांमधलं अंतर मोजून लघुत्तम वर्गांची वाट काढली. तिथं मामा ओढाताण करतो, पण पट्ट्याची हद्द एकटा ठरवत नाही. तरी मला सोपा उपाय सुचला.

“मामाची नोंद वगळतो.”

आईनं सूप खाली ठेवलं. “माझ्या माहेरचं एवढं एकच माणूस येतं, तेवढं वगळ.”

तेवढ्यात मामाचाच फोन. “दोघंच रे!”

आईनं डब्यातून आणखी दोन वाट्या डाळ काढली.