राजधानीत स्वस्तात झोपावे कसे

हंपी, म्हणजे विजयनगरची जुनी राजधानी, एका दिवसात बघून होत नाही, हे पहिल्या दोन तासांतच कळते. विरूपाक्षाच्या देवळातून निघालेला माणूस हेमकूट टेकडी चढून उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते. विठ्ठल मंदिर, कमल महाल, हत्तीशाळा, महानवमी दिब्बा, राणीचे स्नानगृह हे सगळे अजून बाकीच असते. म्हणजे मुक्काम अटळ. खिशात मात्र राजधानीला शोभेल असे काही नसते. या अवस्थेत सापडलेल्या सज्जनांना (यापुढे त्यांना मुक्कामेच्छू म्हणावे) आजवर कुणी सशास्त्र मार्गदर्शन केलेले नाही. ती उणीव येथे दूर केली आहे.

शास्त्र म्हटले की आधी पूर्वाचार्य. हंपीतल्या स्वस्त मुक्कामाचे आद्य आचार्य म्हणजे अब्दुर रज्जाक. हेरातच्या शाहरुख बादशहाचा हा वकील १४४३ मध्ये विजयनगरात आला, तेव्हा दुसरा देवराय गादीवर होता. रज्जाकला राहायला ऐसपैस घर मिळाले, आणि रोजचा शिधा त्याने लिहूनच ठेवला आहे: दोन मेंढ्या, कोंबड्यांच्या चार जोड्या, पाच मण तांदूळ, एक मण लोणी, एक मण साखर, वर सोन्याचे दोन वराह. खोलीभाडे शून्य, दोन्ही वेळचे जेवण यजमानाकडून, आणि राहण्याची कृपा केल्याबद्दल रोज रोख रक्कम. मणभर लोण्याचे रोज करायचे काय, ही काळजी आजच्या मुक्कामेच्छूच्या वाट्याला येणार नाही. हा दर मिळवण्याची अट एकच आहे. येताना बादशहाचे पत्र आणावे. आधार कार्डावर तो मिळत नाही.

दुसरे आचार्य सेझारे फेदेरिची, व्हेनिसचे व्यापारी. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराय मारला गेला आणि विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बीदर इथल्या सुलतानांच्या फौजा राजधानीत शिरल्या. या पाहुण्यांचा मुक्काम काही महिने चालला. त्याचे बिल हंपीचे दगड अजून फेडत आहेत. त्यानंतर दोन वर्षांनी, १५६७ मध्ये, फेदेरिची तिथे पोहोचला. काम महिन्याभराचे होते, पण वाटा चोरांनी भरलेल्या असल्याने त्याला सात महिने राहावे लागले. घरे उभी आहेत पण रिकामी आहेत, आणि त्यांत वाघ व इतर श्वापदे राहतात, अशी त्याची नोंद आहे. खोल्या इतक्या मुबलक हंपीत पुन्हा कधी झाल्या नाहीत. मुक्कामेच्छूने यातून एवढे उचलावे की जाण्याआधी परतीचे तिकीट हातात असावे.

आता मूळ मुद्दा, अर्थात झोपण्याची जागा.

प्रत्येक मुक्कामेच्छूच्या मनात पहिल्या संध्याकाळी एक विचार येतोच. इतके दगडी मंडप रिकामे पडले आहेत, हवा छान आहे, चांदणे आहे, चटई बरोबर आहे. मग भाडे कशाला द्यायचे? हा विचार येणे हे सुदृढ प्रकृतीचे लक्षण आहे. त्यावर अंमल मात्र करू नये. संरक्षित स्मारकांची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. त्यानंतर तिथे थांबलेल्या माणसाशी रखवालदार शिट्टीच्या भाषेत बोलतो. ती कानडी-मराठी दोघांनाही सारखीच कळते.

गंमत अशी की मंडपात झोपणारी माणसे हंपीत अगदी काल-परवापर्यंत होती. विरूपाक्ष मंदिरासमोरून पूर्वेकडे, मातंग टेकडीच्या पायथ्याच्या भल्यामोठ्या नंदीपर्यंत, सुमारे पाऊण किलोमीटरचा सरळ रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे मंडप आहेत. विजयनगरच्या वैभवात इथे बाजार भरत असे. विसाव्या शतकात इथे लोक राहायला आले. त्यांनी दोन खांबांमध्ये भिंत घातली, पुढे दुकान थाटले, मागे चूल मांडली. पाठीवर बोचके घेतलेले परदेशी तरुण येऊ लागले, तशा त्यांना भाड्याने द्यायच्या खोल्याही निघाल्या. सोळाव्या शतकातला खांब उशाला आणि इडली पायथ्याशी असा मुक्काम जगात फार ठिकाणी मिळत नसे. हंपी १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत होती, १९९९ ते २००६ या काळात धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीतही जाऊन आली होती, आणि मंडपांत चुली पेटणे कुठल्याच नियमात बसत नव्हते. जुलै २०११ मध्ये यंत्रे आली. भिंती गेल्या, दुकाने गेली, घरे गेली, कुटुंबांना काही किलोमीटरवरच्या कड्डीरामपुरात जागा देण्याचे ठरले. रस्ता आज स्वच्छ, मोकळा, छायाचित्राला उत्तम आहे. बाजारपेठ वाचवण्यासाठी बाजार तेवढा काढावा लागला. खांबांवर ठोकलेले खिळे आणि चुलीचा धूर यांची बाजू घेता येत नाही हे खरे. पण संध्याकाळी त्या रस्त्यावरून चालताना आपण नेमके काय जपले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

मंडपांतल्या खोल्या गेल्या तेव्हा जाणकार मुक्कामेच्छू नदीपलीकडे गेले. तुंगभद्रेच्या पल्याड विरूपापूर गड्डी नावाचे बेट आहे. तिथे भातखाचरे, झोपाळे, गाद्या अंथरलेली खानावळ आणि अलीकडच्या तीरावर निषिद्ध असलेले बरेच काही, असा संसार उभा राहिला होता. हंपी पडली देवस्थानाचे गाव. इकडे जेवण शाकाहारी आणि पेय म्हणजे सोड्यातले लिंबू. त्यामुळे नदी ओलांडणाऱ्यांचा हेतू दरवेळी पुरातत्त्वीय असेच असे नाही. ही बांधकामे वारसा क्षेत्रात बेकायदा असल्याचा वाद न्यायालयात गेला, फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्यावर शिक्कामोर्तब केले आणि मार्चच्या सुरुवातीला ती पाडली गेली. त्याच महिनाअखेर देशभर टाळेबंदी लागली, त्यामुळे पाहुणे तसेही गेलेच असते. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनात वाचलेल्या झोपाळ्याचा पत्ता विचारत कुणी फिरू नये. दगडांच्या जितके जवळ झोपावे तितके लवकर उठवले जाते, हा इथला अनुभवसिद्ध नियम आहे.

त्याच तीरावर पुढे सणापूरचा तलाव आणि डावा कालवा आहे. इथे थट्टा बाजूला ठेवावी. मार्च २०२५ मध्ये रात्री या कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर आणि त्यांच्या यजमानीणबाईंवर हल्ला झाला. बलात्कार झाले, एकाचा जीव गेला. चांदणे बघायचे ते मुक्कामाच्या अंगणातून बघावे.

आज उरलेले मार्ग असे. पहिला, मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांतला जनता प्लॉट. इथल्या घरांनी दोन-दोन, तीन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. खोलीत पलंग, मच्छरदाणी आणि पंखा असतो, आणि बहुधा पलंग ओलांडल्याशिवाय पंख्याच्या बटणापर्यंत पोहोचता येत नाही. दर ठरवताना मुक्कामेच्छूने आपण मराठी असल्याचे लपवू नये. घासाघीस होणार हे यजमानाला आधीच कळलेले बरे. दुसरा मार्ग कमलापूर. हंपीपासून तीन-चार किलोमीटरवर असलेल्या या गावात वस्तुसंग्रहालय आहे, कर्नाटक पर्यटन महामंडळाचे हॉटेल आहे, आणि सायकली भाड्याने मिळतात. तिसरा मार्ग होसपेट. तिथे स्टेशन, एसटीसारखी धावणारी बस आणि लॉज आहेत, शिवाय लॉजच्या खिडकीतून विजयनगरचे काहीही दिसत नाही. हंपी तिथून तेरा किलोमीटर. सकाळच्या पहिल्या बसने निघाले, तर विरूपाक्ष मंदिराची लक्ष्मी हत्तीण नदीवर अंघोळीला येते तेव्हा पोहोचता येते. तिला अंघोळ घालणारे माहूत आणि तिची छायाचित्रे घेणारे पाहुणे यांची गर्दी पाहता, घाटावर सकाळची सगळ्यात निवांत मंडळी म्हणजे तीच.

चौथा मार्ग आनेगुंदी, नदीपलीकडचे जुने गाव. विजयनगरच्याही आधीचे. इथल्या घरगुती मुक्कामांत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रात्री आठला झोपणारे गाव मिळते. अडचण एकच, नदी. होडी संध्याकाळी बंद होते, आणि ती चुकली की रस्त्याने लांबचा वळसा पडतो. वळशाचे रिक्षाभाडे स्वस्त मुक्कामात वाचवलेल्या रकमेएवढे येते, हा योगायोग मानू नये. काही ठिकाणी टोपलीसारख्या गोल होड्याही आहेत. त्यांना स्थानिक लोक हरिगोलू म्हणतात. १५२० च्या सुमारास आलेला पोर्तुगीज दोमिंगो पेस याने त्यांचे वर्णन केले आहे: आतून वेताच्या, बाहेरून चामड्याच्या, पंधरा-वीस माणसे मावतील अशा, घोडे आणि बैलही त्यांतून पार होत. आज होडीवाला मुद्दाम तिला गरगर फिरवतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. पेसच्या बैलांना ही सेवा फुकट मिळत असावी.

खर्चाचे बोलायचे तर प्रवेश हा सगळ्यात सोपा भाग. पुरातत्त्व खात्याचे भारतीयांसाठीचे तिकीट ४० रुपयांचे, आणि त्याच दिवशी ते विठ्ठल मंदिर, जनाना भागातला कमल महाल व हत्तीशाळा आणि कमलापूरचे संग्रहालय या तिन्हींना चालते. म्हणून ही तिन्ही एकाच दिवशी उरकावीत. २०१७ पासूनच्या ५० रुपयांच्या नोटेवर विठ्ठल मंदिरातला दगडी रथ आहे. ती नोट खिडकीत सरकवावी, रथाच्या बदल्यात रथाचे दर्शन आणि वर १० रुपये परत. इतका फायदेशीर व्यवहार पुढच्या दोन दिवसांत होणार नाही. हेमकूटावरचा सूर्यास्त मात्र खरोखर फुकट आहे. तिथून खाली उतरल्यावर कृष्णदेवरायाने १५२८ मध्ये घडवून घेतलेला पावणेसात मीटर उंच नरसिंह आहे, आणि त्याच्या शेजारी एका खोलीत कायम पाण्यात उभे असलेले बडवीलिंग. ते एका गरीब बाईने करवले, असे सांगतात. राजाच्या शेजारी, छप्पर नसलेल्या जागेत, इतकी वर्षे विनाभाडे राहिलेल्या या दैवताला मुक्कामेच्छूने नमस्कार करूनच पुढे जावे.

महागडा मुक्काम कसा होतो याचेही एक उदाहरण नोंदीत हवे. काही तरुणांनी हंपीतले उभे दगडी खांब ढकलून पाडले आणि त्याची चित्रफीत फेब्रुवारी २०१९ मध्ये सगळीकडे फिरली. पोलिसांनी त्यांना पकडले. होसपेटच्या न्यायालयाने प्रत्येकी ७०,००० रुपये भरायला लावले आणि खांब पुन्हा उभे करायलाही लावले. माणशी ७०,००० मध्ये हंपीच्या आसपासच्या आलिशान हॉटेलांत काही दिवस राजासारखे राहता आले असते, आणि अंगमेहनतही वाचली असती. विठ्ठल मंदिरातल्या नादमय खांबांवर टिचकी मारून सा-रे-ग-म ऐकण्याचा मोहही याच सदरात धरावा.

माकडांविषयी वेगळे सांगायला नको, पण सांगितलेच पाहिजे. हा किष्किंधेचा परिसर मानला जातो, आनेगुंदीजवळच्या अंजनाद्रीवर पाचशेहून अधिक पायऱ्या चढून लोक हनुमानाच्या जन्मस्थानाचे दर्शन घेतात. नाशिकच्या अंजनेरीला हे मान्य नाही. या विषयावर मे २०२२ मध्ये नाशकात भरलेली धर्मसभा भांडणात संपली. माकडांनी या वादात कुठलीच बाजू घेतलेली नाही. केळी ज्याच्या पिशवीत, त्याचे मत ते ऐकतात.

शेवटी सामान बांधताना एक मराठी पाहुणा आठवावा. हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि पैठणचे भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, तो परत घेऊन गेले, ही कथा महिपतीने भक्तविजयात सांगितली आहे. तिच्यात चोरीचा आळ आहे, सुळाला फुटलेली पालवी आहे, आणि भक्ताला नेता यावे म्हणून लहान झालेला देव आहे. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. पण जागा कितीही राजेशाही असली तरी पाहुण्याला घरची आठवण येते आणि परतताना सामान आटोपशीर लागते, एवढे या कथेतून व्यवहारात उतरवता येते. मुक्कामेच्छूच्या पिशवीत मात्र देव किंवा देवळाचा तुकडा नसावा. तो सापडला तर वर सांगितलेल्या खांबवाल्यांची गोष्ट आहेच.

होसपेटहून कोल्हापूरची हरिप्रिया एक्सप्रेस धरली की मिरजेला उतरता येते, आणि मिरजेहून पंढरपूरची गाडी मिळते. तिथे भक्तनिवास आहे, धर्मशाळा आहेत, मठ आहेत. आषाढीच्या आठवड्यात त्यांपैकी कशातही जागा कशी मिळवावी हे सांगायला आणखी एक लेख लागेल.